हाताला काय लागलं

दिवाळीच्या सुट्टीत लेक आली. साताऱ्याहून एसटीनं एकटी यायची तिची ही पहिलीच वेळ, म्हणून मी पनवेलच्या स्टँडवर तासभर आधीच जाऊन उभी. गाडी लागली, ती पाठीवर सॅक टाकून उतरली आणि आली ती थेट गळ्यातच पडली. उंचीनं आता माझ्या भुवयांपर्यंत येते. केसांना आजीनं चोपडलेल्या खोबरेल तेलाचा वास, एसटीतल्या रेक्झिनचा वास आणि कुठल्या तरी मैत्रिणीच्या सेंटचा. मीही तिला जवळ घेतलं. दोन-तीन सेकंदच झाले असतील, तेवढ्यात ती माझ्या कानाशी म्हणाली, "झालं का चेकिंग, मॅडम? जाऊ का पुढं?"

तेव्हा कुठं माझं माझ्या हातांकडं लक्ष गेलं. खांद्यांवरून निघून, काखेच्या कडेनं खाली उतरून, कमरेभोवती फिरून ते तिच्या जॅकेटच्या खिशांवर येऊन थांबले होते. दोन्ही हात एका वेगानं, एका दाबानं. मी ते तिथं नेले नव्हते, त्यांचे ते गेले होते. लेक खदाखदा हसली, मीही हसले. रिक्षा केली, वाटेत तिला वडापाव हवा होता तो घेतला, घरी येईपर्यंत तिनं वर्गातल्या तीन भांडणांची हकिगत सांगून संपवली.

रात्री ती माझ्या शेजारी झोपली, आणि मी माझे हात कुठं ठेवावेत याचा विचार करत जागी राहिले.

मुंबईच्या विमानतळावर मी दोन खेपा मिळून आठेक वर्षं काढली. आधी २०१४ ते १८, टी-टू, म्हणजे दोन नंबरचं टर्मिनल, नवं कोरं होतं तेव्हा. मध्ये दिल्ली मेट्रो. मग २०२० च्या जानेवारीत परत मुंबई. सीआयएसएफच्या, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या खाकीत, आणि बहुतेक सगळा काळ लेडीज बूथमध्ये. लोक विचारतात, विमानतळावर म्हणजे काय, मोठमोठ्या लोकांना बघत असाल. बघितले की, पण पडद्याच्या फटीतून. छताला मोराच्या पिसाऱ्याची नक्षी आहे, भिंतींवर जुन्या कलाकुसरीच्या वस्तू मांडल्यात, लोक थांबून फोटो काढतात. माझ्या वाट्याला आलं ते तीन बाजूंनी बंद, चौथ्या बाजूला पडदा असं एक खोकं. त्यात मी, हातात धरायचं डिटेक्टर आणि जमिनीवर एक बुटका लाकडी ठोकळा. त्यावर बाईनं चढायचं, हात पसरायचे. मी त्या ठोकळ्याला मनातल्या मनात पाट म्हणायचे. नऊवारीतली एखादी म्हातारी आधी चप्पल काढून, पदर सावरून, उजवं पाऊल पुढं टाकून त्यावर चढायची, तेव्हा तर मला वाटायचं, आता मी हिला ओवाळायचं राहिलंय.

एका पाळीत चार-पाचशे बायका तरी हाताखालून जायच्या. एवढ्या बायकांना हात लावणारी दुसरी कोण असेल? बांगड्या भरणारी कासारीण, आणि सुईण. त्या दोघी हात लावतात आणि बोलतात. आम्हाला बोलायला वेळ नाही. 'या, हात पसरा, वळा, झालं.' बायका एकामागून एक चढतात आणि उतरतात, चेहरा लक्षात राहत नाही. हाताला मात्र राहतं. नवी नवरी हिरव्या चुड्याच्या किणकिणाटानंच कळते, आणि तिच्या तळहाताची मेंदी अजून खरखरीत असते. मंगळसूत्राच्या वाट्यांवर डिटेक्टर किंचाळतं, सोबत त्यात अडकवलेल्या सेफ्टी पिनांच्या जुडग्यावरही. ही पिनांची सवय फार बायकांना असते, साडी फाटली, चप्पल तुटली, नातवाच्या चड्डीचं बटण गेलं तर असाव्यात म्हणून. आंबाड्यातले काटे, चोळीच्या हुका, पैंजण, जोडवी. महागड्या सुटातल्या बाईच्या अंगाला जिमचा ताठपणा असतो, आणि कधी कधी त्याच सुटाच्या आत खांद्याला चिकटवलेली दुखण्याची पट्टी. मध्यरात्री अमेरिकेला पहिल्यांदा शिकायला निघालेल्या पोरी यायच्या, ऑगस्टच्या सुमाराला तर रांगच. त्यांची आई बाहेर काचेपलीकडं राहिलेली असायची. त्यांना हात लावला की कळायचं, पोरगी हलकीशी थरथरतेय.

हे सगळं हाताला कळतं, पण हातानं तसं दाखवायचं नाही, हे आमचं शिक्षण. तमिळनाडूत अरक्कोणमला आमचं ट्रेनिंग झालं. पुढं विमानतळाचा कोर्स झाला, त्यात हात कसा फिरवायचा ते शिकवलं. वरून खाली, पुढून मागं, ठरलेल्या क्रमानं. नाजूक जागी तळवा नाही, हाताची पाठ. चेहऱ्यावर काही नको. राग नको, हसू नको, किळस तर नकोच नको. आमचे उस्ताद हरियाणाचे, मिशीत बोलायचे. त्यांचं एक वाक्य आम्ही पोरी रात्री बराकीत त्यांच्याच आवाजात म्हणून हसायचो : "हाथ को कुछ लगा और पूछा नहीं, तो हाथ किस काम का?" हसता हसता ते वाक्य अंगात मुरलं. हाताला लागलं की विचारायचं. काहीही असो, कुणीही असो.

१९९९ च्या डिसेंबरात अतिरेक्यांनी आपलं विमान पळवून कंदाहारला नेलं तेव्हा मी सहावीत होते. गावात मोजक्या घरी टीव्ही, त्यातल्या एका घराच्या ओट्यावर आम्ही सगळे. आमच्याकडं घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे बातम्या बघताना म्हातारी माणसं आपल्याच पोराचं काही सांगतायत अशी कान देऊन बसायची. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २००० च्या फेब्रुवारीत, जयपूरपासून विमानतळ आमच्या दलाकडं यायला लागले. तेव्हा मला काय ठाऊक, की त्या बातम्यांमुळे माझे हात पुढं आठ वर्षं कुठं असणार आहेत ते.

एका आजीची गोष्ट सांगायलाच हवी. आमच्याच बाजूची होती, बोलण्यावरून ओळखलं. बंगळूरला लेकाकडं निघालेली, पहिलंच विमान. पाटावर चढली, हात पसरले, आणि माझ्या हाताला तिच्या कमरेशी काहीतरी लागलं. कडक, जड. "आजी, कमरेला काय आहे?" "चंची हाय गं." काढायला लावली. कापडी, कप्प्याकप्प्यांची, तेलकट झालेली. आत सुकायला लागलेली पानं, चुन्याची डबी, कात, खांडं, मिश्रीची डबी आणि एक पितळी अडकित्ता. नक्षीदार, बिजागरीशी दोन पोपट. तो हातातल्या सामानात नेता येत नाही. सोडायला आलेला पुतण्या केव्हाच निघून गेलेला, मोठी बॅग पुढं गेलेली, परत जाऊन काही करण्याएवढा वेळ उरलेला नाही. मी नियम सांगितला. तिनं अडकित्त्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "ह्यानं मी विमान पाडीन व्हय?" मागच्या बाया हसल्या. मीही हसले असते, पण चेहऱ्यावर काही नको. अडकित्ता पेटीत पडला. त्याचा आवाज मला अजून येतो, कारण पेटी त्या वेळी नेमकी रिकामी होती.

जाताना ती थांबली. रागानं विचारलं की मायेनं, ते आजही ठरवता येत नाही. म्हणाली, "समद्यांस्नी तू चाचपतीस. तुला कोण चाचपतं?"

"मलाही चाचपतात आजी, रोज," मी म्हटलं. आणि ते खरंच होतं. आत येताना आमचीही तपासणी होते. झारखंडची एक मैत्रीण होती, बहुतेक वेळा तीच माझी झडती घ्यायची आणि मी तिची. तिचे हात जाडजूड, ऊबदार. थंडीच्या दिवसांत पहाटेच्या पाळीला ती मुद्दाम माझ्या पाठीवर एक थाप जास्त मारायची. माझा नवरा सैन्यात, तेव्हा राजस्थानात. लेक दोन वर्षांची, साताऱ्यात आजीपाशी. हिशेब केला तर त्या काळात कित्येक आठवडे मला माणसाचा हात लागला तो तेवढाच, झडतीचा. आजीला हे सगळं सांगायला वेळ नव्हता. ती पुढं गेलीसुद्धा, आणि पाटावर दुसरीच कुणीतरी उभी.

त्याच सुमाराला एक सातव्या महिन्यातली आली. पोटावरून हात अलगद फिरवायचा, दाब द्यायचा नाही. मी फिरवत होते, तर आतून मुलानं लाथ मारली. थेट माझ्या हातावर. आम्ही दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. हाताला लागलं की विचारायचं. "कितवा?" मी विचारलं. "सातवा," ती म्हणाली. त्या दिवशी पाळी संपल्यावर मी घरी फोन लावला, आणि लेकीनं फोनवर यायला साफ नकार दिला. ती मांजराशी खेळत होती.

आमच्या घरात मिठी हा प्रकारच नव्हता. गळ्यात पडायचं ते कुणी मेल्यावर, हंबरडा फोडायला. आईचा हात लागायचा तो रविवारी केसांत तेल जिरवताना, बोटं अशी जोरात की डोळ्यांत पाणी यायचं. नाहीतर ताप बघताना, उलट्या हातानं, कपाळाला. आता लिहिताना जाणवतं, तिचाही हात उलटाच असायचा. आणि परीक्षेला निघताना तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडायची. मी ट्रेनिंगला निघाले तेव्हा सातारा रोडच्या स्टेशनवर तिनं माझ्या मुठीत पाचशेची घडी केलेली नोट कोंबली आणि आपल्या दोन्ही हातांनी ती मूठ गच्च बंद केली. गाडी हलेपर्यंत सोडली नाही. चुलीच्या राखेनं तिच्या बोटांना भेगा पडलेल्या, त्या माझ्या बोटांना टोचत होत्या. गळ्यात पडायला माझी लेक कुठून शिकली, कोण जाणे. आजीकडून तर नक्कीच नाही.

परळच्या टाटा हॉस्पिटलात देशभरातून पेशंट येतात, आणि त्यातले बरेच आमच्या इथून परत जातात. त्यांना ओळखायला फार हुशारी लागत नाही. हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, डोक्याला स्कार्फ, सोबत पिशव्यांनी वाकलेला एक पुरुष. पहाटेच्या गुवाहाटीच्या फ्लाइटची गर्दी होती. एक बाई आली, पन्नाशीच्या आतबाहेरची. हात पसरले. उजवा पूर्ण वर जाईना. माझा हात छातीशी आल्यावर ती हळूच म्हणाली, "मॅडम, इधर का असली नहीं है." मी थांबले. नियमाप्रमाणे वरिष्ठ बाईंना बोलावलं, बाजूच्या खोलीत नेलं, दार लावलं. पुढचं सांगत नाही, ते तिचं आहे. एवढंच सांगते, की एसीत सहा तास उभं राहून माझे हात बर्फ झाले होते, आणि ते लागताच तिचं अंग आखडलं. मी हात मागं घेतले, पँटवर चोळले, तोंडाची वाफ मारली आणि मग पुन्हा लावले. संपल्यावर "हो गया, जी" म्हटलं. ती डोळे मिटून तशीच उभी. हात खाली घ्यायचं विसरली होती. बाहेर रांग वाढत होती, तरी मी आणखी एकदा म्हटलं नाही.

त्यानंतर दर बाईच्या आधी हात चोळायची मला सवय लागली. सोबतच्या पोरी चिडवायच्या, मॅडम लाडू वळतायत.

शिक्का मारायचं कामही आमचंच होतं. झडती झाली की बोर्डिंग पासवर शिक्का. हातातल्या बॅगांच्या टॅगांवरही शिक्के पडायचे, ते मुंबईसारख्या मोठ्या विमानतळांवर २०१७ च्या एप्रिलपासून बंद झाले. पासावरचे तीन वर्षांनी गेले, करोनात. अंगठ्याची शाई मात्र घरी येईपर्यंत जायची नाही, कणीक मळताना भीती वाटायची.

करोनाचं तर काय सांगू. मार्चमध्ये विमानं थांबली. एवढ्या मोठ्या इमारतीत आपल्याच बुटांचा आवाज ऐकू यायचा. २५ मे २०२० ला देशातली विमानं पुन्हा सुरू झाली, आणि आम्हाला सांगितलं, हात लावायचा नाही. तोंडावर मास्क, त्यावर प्लास्टिकचं शील्ड, हातमोजे, डिटेक्टर लांबून फिरवायचं. किंचाळलं तरच पुढचं. आणि बायका? त्या तशाच पाटावर चढून हात पसरायच्या, मान थोडी मागं टाकायच्या आणि वाट बघायच्या. डिटेक्टर फिरून झालं तरी उतरायच्या नाहीत. एकीनं विचारलंच, "बस? एवढंच?" तिच्या आवाजात सुटकाही होती आणि आणखी काहीतरी. मला स्वतःला बरं वाटायला हवं होतं. इतकी वर्षं दर पाळीला शेकडो घामेजलेली, सेंट मारलेली, भेदरलेली अंगं चाचपून मी विटले होते. पहिले चार दिवस बरं वाटलंही. मग एका रात्री बराकीत लक्षात आलं, की मी पांघरुणाच्या कडेवरून हात फिरवत पडलेय. वरून खाली. ठरलेल्या क्रमानं.

आता रायगडातल्या एका कारखान्याच्या गेटवर आहे. पास बघायचा, गाडीखाली आरसा फिरवायचा, नोंद करायची. बायका कमी, हात लावायचं काम त्याहून कमी. बदलीचा कागद आला तेव्हा मी पेढे वाटले. पण बाजारात गर्दीत कुणाचा धक्का लागला की हात आधी वाचतो आणि मग मी. मागच्या पौषात शेजारच्या क्वार्टरमध्ये नणंदेसारखी असलेली एक जण हळदीकुंकवाला आली, निघताना तिनं खांद्याला धरून जवळ घेतलं, आणि मला कळलं, हिच्या कमरेला पट्टा आहे, पाठ दुखते हिची, आणि हिनं कुणाला सांगितलेलं नाही. विचारायचं जिभेवर आलं होतं. वाण दिलं आणि गप्प बसले.

लेकीसोबतचे दहा दिवस चांगले गेले. चकल्या तुटल्या, रांगोळीवर मांजर चालून गेलं. तिच्या केसांना तेल लावलं, जरा जोरातच. "आई, आजीसारखं नको करू," ती ओरडली. त्या रात्रीनंतर मी तिला जवळ घेताना हात मुद्दाम एका जागी ठेवत होते, पाठीच्या मध्यावर, एकावर एक. तिलाही ते अवघडल्यासारखं वाटलं असावं. एकदा म्हणाली, "तू फोटोला उभी आहेस का?"

निघायच्या दिवशी पनवेल स्टँडवर तीच गर्दी, परतीची. गाडी लागलेली, पायरीवर एक पाय ठेवून ती वळली. खालच्या पायरीवर दोन्ही पाय जुळवून उभी राहिली, सॅक पायाशी टाकली आणि दोन्ही हात पसरले. अगदी व्यवस्थित, खांद्याच्या रेषेत. "घ्या मॅडम, लवकर. गाडी सुटेल." मागचा माणूस कुरकुरला. मी हात एकमेकांवर चोळले. मग खांद्यांपासून सुरुवात केली. काखेच्या कडेनं खाली, कमरेभोवती, जॅकेटचे खिसे. डावा रिकामा. उजव्या खिशात हाताला काहीतरी लागलं. लहान, कडक, कापडात गुंडाळलेलं.

तिनं माझ्याकडं पाहिलं. हसू होतं तोंडावर, पण डोळे वाट बघत होते.

मी खिशाची चेन वर ओढून बंद केली आणि सॅक तिच्या हातात दिली. कंडक्टरनं डबल बेल मारली.